आडवी डहाळी

माझं नाव चंचल. हे नाव ठेवणाऱ्या आत्याला अजून कुणी जाब विचारलेला नाही. मी दिवसाचे दहा तास एका खुर्चीत बसून असते. अर्जुनी मोरगावात एका कापड दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथे मी मोबाइलचे अ‍ॅप बनवते. माझ्यात चंचल असं काही असेल तर तो माझा राग. कधी कुणावर जाऊन बसेल सांगता येत नाही. मार्चच्या शेवटी तो धावडीटोल्यावर जाऊन बसला होता.

धावडीटोला म्हणजे नवेगाव बांधच्या पलीकडे जंगलाला टेकलेली चाळीस घरं. मोहफुलांचा हंगाम सुरू झाला की टोल्यातल्या बाया अंधार सरायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि झाडाखाली वाकून फुलं वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, आणि इथे दरवर्षी काहीतरी होतं. मागच्या हंगामात टोल्यातल्या दसरूभाऊंवर वाघाने झडप घातली. जीव वाचला, पण उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. त्यानंतर एका संस्थेने आमच्याकडून एक अ‍ॅप बनवून घेतलं. बनवलं मी. त्याचं नाव ‘सावध’.

काम साधं होतं. फोनवर प्राण्यांची चित्रं: वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर. शेवटी ‘इतर’ असा रिकामा चौकोन, त्यात काय दिसलं ते लिहायचं. चित्रावर बोट ठेवायचं आणि हिरवी खूण दाबायची. जागा कुठली ते फोन स्वतःच टिपतो. जंगलात रेंज नाही, म्हणून खबर फोनमध्येच थांबते. माणूस परत आलं आणि रेंज मिळाली की ती सगळ्यांच्या फोनवर जाते, फोन वाजतात आणि उद्या कोणत्या बाजूला जायचं नाही ते ठरतं. धावडीटोल्याला रेंज एकाच ठिकाणी मिळते, गावच्या बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध.

हेच अ‍ॅप नाल्यापलीकडच्या बोरटोल्यालाही दिलं होतं. जंगल दोघांचं एकच, मध्ये नाला. अलीकडची खबर पलीकडे पोचवायची तर पूर्वी सहा मैलांचा वळसा पडायचा. तो वळसा वाचवायला हे सगळं.

बोरटोल्याची रीताताई मला दर दोन दिवसांनी फोन करायची. “मस्त चालून राहिलं ताई. वाघ-बीघ काहीच नाई. दोनदा डुकरं दिसली, बस. आता त आमी एकएकट्या बी जातो.” मला बरं वाटायचं.

आणि धावडीटोला? तिथून वनसमितीचे अध्यक्ष सेवकराम कुंभरे यांचा रोजचा एकच फोन.

“मॅडमजी, बंद पडून राहिला.”

“केव्हा?”

“जंगलात बराबर चालते. बोडीवर आलो का मरते. मंग उघडला का बंद, उघडला का बंद.”

माझ्याकडे याचं एक हुकमी औषध होतं. “काढून टाका आणि परत टाका.” ते काढायचे, परत टाकायचे आणि अ‍ॅप चालू व्हायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या फोनवर तेच. मी वहीत एकेक रेघ ओढत गेले. पंधरा दिवसांत चौदा रेघा झाल्या.

अ‍ॅप बंद पडलं की त्याची एक ओळ माझ्या कॉम्प्युटरवर येते. सगळ्या ओळी सांगत होत्या की खबर पाठवताना गडबड झाली. नेमकी काय, ते त्या सांगत नव्हत्या, कारण तेवढं खोलात लिहायचा मीच आळस केला होता. मी ठरवलं की दोष बोडीवरच्या अर्धवट रेंजचा. मग ठरवलं, त्यांच्या स्वस्तातल्या फोनचा. मग उन्हाचा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या धंद्यातल्याच कुणीतरी काढली असावी.

गुरुवारी सेवकरामभाऊंचा फोन आला. “रविवारी सभा हाये. लोक म्हणतेत, हे काढूनच टाकू. खबर येत नाई, जात नाई, मंग फोन कायले नेता जंगलात?”

मी भडकले. “बोरटोल्यात एक तक्रार नाही, भाऊ. रीताताई बघा कशी वापरते! तुमच्या लोकांना वापरता येत नसेल तर त्याला मी काय करू?”

ते शांतपणे म्हणाले, “मंग या ना एकडाव. कसं वापरतेत ते पाहून जा.”

असं बोलल्यावर न जाऊन सांगते कुणाला!

शुक्रवारी दुपारी मी बोडीच्या पाळीवर पळसाच्या सावलीत लॅपटॉप आणि तीन फोन मांडून बसले. रेंज बंद करून वाघाची खबर दिली, रेंज चालू केली. गेली. अस्वलाची दिली. गेली. डुक्कर, बिबट, सगळं गेलं. ‘इतर’मध्ये ‘कोल्हा’ लिहून पाठवलं, तेही गेलं. वीस वेळा केलं. अ‍ॅप एकदाही बंद पडलं नाही. पाण्यावर भांडी घासायला आलेल्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या. एकीने विचारलं, “बाई, एवढे वाघ आमच्या बोडीवर आले काय?”

त्या घोळक्यात दुर्पताबाई होत्या. दसरूभाऊंच्या वहिनी, पन्नाशी उलटलेल्या, वनसमितीच्या सदस्य. माझ्या शेजारी उभे असलेले सेवकरामभाऊ म्हणाले, “इच्या फोनमंधी आठ दिवसांपासून बंद पडून राहिलं.”

“मावशी, मी सांगितलं होतं ना, काढून परत टाका म्हणून?”

“नाई काढत मी.”

“का पण?”

“नाई काढत म्हनलं ना.”

“बरं, माझ्याकडे द्या, मी बघते काय अडकलंय ते.”

त्यांनी फोन पदराच्या गाठीत बांधला. “तुह्या हातात नाई देत. तू पुसशील.”

अख्ख्या जिल्ह्यात मला नेमका जो फोन बघायला हवा होता, तो या बाईच्या पदरात. मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाजही चढवला. बाई ताकास तूर लागू देईना. जाता जाता एवढंच म्हणाली, “पाहाचं असंन त सकारी माह्यासंग चाल. उठशील काय?”

उठले. झुंजुमुंजू व्हायच्या आधीच आम्ही पाच जणी निघालो. बाया मोठमोठ्याने बोलत चालत होत्या, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या बकरीचं. आवाज करत चाललं की जनावर बाजूला होतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. मोहाचा गोड वास एवढा दाट होता की माझं डोकं जड झालं.

नाल्यापाशी वाळूत दुर्पताबाई थांबल्या. त्या थांबताच चौघींचं बोलणं मध्येच तुटलं. ओल्या वाळूत पाऊल होतं. माझ्या तळहाताहून मोठं, कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. पुढचं पाऊल नाल्याच्या वळणाकडे, तिथल्या मोठ्या मोहाच्या दिशेने. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

दुर्पताबाईंनी बाजूच्या ऐनाची पानांसकट एक डहाळी मोडली आणि वाटेवर आडवी टाकली. एवढंच. मग पदराची गाठ सोडून त्यांनी फोन काढला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. अ‍ॅप उघडलं. पहिलंच चित्र वाघाचं. त्यांचं बोट त्याच्यावरून गेलं, बिबट्यावरून गेलं, अस्वलावरून गेलं, खाली आलं आणि ‘इतर’ दाबलं. रिकामा चौकोन उघडला. त्यात काहीच न लिहिता त्यांनी हिरवी खूण दाबली आणि फोन परत गाठीत बांधला.

“मावशी, चुकलं तुमचं,” मी कुजबुजले. “वाघ तर वरती आहे...”

त्यांचा तळहात फाटकन माझ्या तोंडावर बसला. बाकीच्या तिघी माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी त्यांच्या घरालाच काडी लावली.

आम्ही माघारी वळलो आणि गावाजवळच्या झाडांखाली फुलं वेचली. कुणी माझ्याशी बोललं नाही. उन्हं वर आली, टोपल्या भरल्या, बोडी दिसायला लागली, तेव्हा कुठे दुर्पताबाईंनी तोंड उघडलं.

“जंगलात त्याचं नाव घेत नाई, पोरी. घेतलं का येते. आमच्या बापजाद्यापासून कोनी नाई घेतलं.”

“पण मावशी, नाव कुठे घ्यायचं होतं? चित्रावर बोट ठेवायचं होतं फक्त.”

“नाव घेनं काय आन् त्याच्या तोंडावर बोट ठेवनं काय!” त्या म्हणाल्या. “तू शहाणी, खाली एक घर रिकामं ठेवलं होतंस. आमी म्हनलं, हे त्याच्याचसाठी ठेवलं. नाव नाई, थोबाड नाई. सगळ्याच बाया तेच दाबतेत.”

“सगळ्याच?”

“मंग! डुकराले डुक्कर दाबतो. त्याले रिकामं.”

तेवढ्यात आम्ही पाळीवर चढलो. त्यांच्या फोनला रेंज आली आणि त्यांनी माझ्यासमोर धरलेलं अ‍ॅप मिटलं. परत उघडलं. परत मिटलं.

मी तिथेच मातीत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ‘इतर’ दाबलं की अ‍ॅप आधी लिहिलेली अक्षरं वाचायला जातं, आणि त्यावरून सगळ्यांना पाठवायचा निरोप बनवतं. तिथे अक्षरंच नसली तर काय, हा विचार मी केला नव्हता. ‘इतर’ दाबून गप्प बसणारं माणूस माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. रिकामी खबर पाठवताना अ‍ॅप कोसळायचं, परत उघडलं की आधी तीच राहिलेली खबर पाठवायला जायचं आणि परत कोसळायचं.

दोष सापडला की मला एरवी उड्या माराव्याशा वाटतात. त्या दिवशीही अर्धं मिनिट वाटल्या. मग मला वहीतल्या रेघा आठवल्या.

चौदा रेघा. प्रत्येक वेळी जे अडकलं होतं ते वाघाचं पाऊल होतं. फोनमध्ये ती खबर बसून होती, दार ठोठावत होती, आणि मी प्रत्येकाला माझ्या तोंडाने सांगितलं होतं, काढून टाका आणि परत टाका. अ‍ॅप काढलं की आतलं सगळं जातं. इकडे बायांनी हिरवी खूण दाबली होती, त्यांना वाटत होतं खबर पलीकडे पोचली. तिकडे बोरटोल्यात पंधरा दिवस वाघाची एकही खबर नव्हती, म्हणून रीताताई म्हणत होती, आता त आमी एकएकट्या बी जातो. आणि मला बरं वाटत होतं! मला माझीच इतकी लाज वाटली की डोळ्यांतून पाणी आलं. ते लपवायलाही जमलं नाही.

“काऊन रडतेस व?” दुर्पताबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सेवकरामभाऊ आले होते, त्यांनाही सांगितलं. तुमच्या लोकांना वापरता येत नाही असं मी म्हणाले होते, ते शब्दही मागे घेतले.

“कोनाले काई झालं नाई अजून,” भाऊ म्हणाले. “रडून नका राहू जी. पहिले नीट करा.”

नीट करायला वीस मिनिटं लागली. सांगायलाही शरम वाटते, चार ओळींचं काम होतं. रिकामी खबर आली तर कोसळायचं नाही, ती सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात पाठवायची. पण चौदा खबरा गेल्या त्या गेल्याच होत्या. आता एकच फोन उरला होता, ज्याच्यातलं काही पुसलं गेलं नव्हतं.

“मावशी, आता द्याल? काही पुसणार नाही. जुन्याच्या वरतीच नवं चढवते.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि गाठ सोडली.

“पण तुम्ही का नाही हो काढलं? सगळ्यांनी काढलं, मी एवढं सांगत होते.”

“डहारी टाकली का उचलाची नाई,” त्या म्हणाल्या. “मांगचा मानूस येयेपर्यंत ते तिथंच राहाले पाहिजे. तुह्या डब्यात मी टाकून ठेवलं होतं. मांगून कोन येते, मले काय माहीत? मी कायले उचलू?”

मी नवं अ‍ॅप चढवलं आणि त्यांच्याच बोटाने उघडायला लावलं. पाळीवर सात-आठ जण जमले होते. अ‍ॅप उघडलं. मिटलं नाही. खाली एक लहानसं चक्र फिरलं आणि मग पाळीवरचे सगळे फोन एकदम वाजले. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. आठ दिवसांच्या चार खबरा होत्या. नकाशावर चार ठिपके उमटले, आणि चारही नाल्याच्या वळणावर, त्या मोठ्या मोहाभोवती.

“ते झाड आपलं नोहे,” सेवकरामभाऊ हळूच म्हणाले. “बोरटोल्याचं हाये.”

पाच मिनिटांतच माझा फोन वाजला. रीताताई होती. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“ताई, हे खरं हाये काय? वळणावरचं झाड माह्या वाट्याचं हाये. त्याचा मोह उशिरा पडते, म्हनून आजपावतर गेलो नाई. उद्यापासून जानार होतो. एकटीच.”

“खरं आहे, ताई. आजचं पाऊल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. जाऊ नका.”

“नाई जात,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “एवढ्या दिवसांच्या खबरा आजच काऊन आल्या?”

“माझ्या चुकीने,” मी म्हणाले. तिलाही सगळं सांगितलं. तिने मला दोन अस्सल शिव्या दिल्या, आणि त्या मी निमूट ऐकून घेतल्या. मग म्हणाली, “ठेवतो आता. बाकीच्यांच्या घरी जाऊन सांगाचं हाये.”

रविवारी सभेला मी थांबले. ज्यांना मी अ‍ॅप काढायला लावलं होतं त्या बायांना मी विचारत गेले, तुम्ही काय आणि कुठे पाहिलं होतं, आणि त्या आठवून सांगत गेल्या. चौदांपैकी अकरा जागा नकाशावर परत आल्या. तीन कुणालाच आठवल्या नाहीत, त्या माझ्या मनात अजून टोचतात. मग मी विचारलं की वाघाचं चित्र काढून टाकते, त्याच्या जागी काय ठेवू? यावर बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं लाल रंग, कुणी म्हणालं हात. दसरूभाऊ कोपऱ्यात बसले होते. त्यांनी डाव्या हाताने जमिनीवर एक रेघ ओढली, तिच्यावर आडवी दुसरी, आणि दुसरीला चार पानं काढली.

“हे समजते सगळ्याले,” ते म्हणाले. “मले त्या दिवशी कोनी टाकून ठेवली असती त गेलो नसतो.”

अ‍ॅप काढून टाकायचा विषय त्यानंतर कुणी काढलाच नाही. सेवकरामभाऊंनी एवढंच सांगितलं की फोन असो का नसो, वाटेवर डहाळी टाकणं सोडायचं नाही. मला ते पटलं.

तेच चित्र आता ‘सावध’च्या अगदी वरती आहे. मी काढलं होतं ते दुर्पताबाईंना पसंत पडलं नाही, म्हणाल्या, ऐनाची पानं अशी नसतात. तीनदा बदललं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसचं कुलूप उघडत होते, तेवढ्यात खिशात फोन मोठ्याने वाजला. खाली दुकानदार पायऱ्या झाडत होता, तो दचकला. पडद्यावर आडवी डहाळी होती. जागा नाल्याच्या पलीकडची, बोरटोल्याच्या हद्दीतली. मी रीताताईला फोन लावला, लागला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा लागला, आणि आधी मला मागे बायांचं मोठमोठ्याने बोलणं ऐकू आलं, कुणाच्या तरी सुनेचं.

“आलो ताई, गावात आलो,” रीताताई धापा टाकत म्हणाली. “पाऊल दिसलं, तिथूनच फिरलो. पाचही जनी हावो.”

“डहाळी मिळाली मला,” मी म्हणाले.

“ते फोनातली. वाटेवर बी टाकून आलो.”